आधी काय झिजावं

एका सेकंदात शंभर वेळा खाली, शंभर वेळा वर. रोटरी टॅटू मशीनमधली सुई अशी चालते. तासभर सलग चालली तर ३,६०,००० फेऱ्या होतात. पाठीवरचं मोठं काम असेल, सुईचा वेळ तीन तासांवर गेला, तर आकडा दहा लाख ओलांडतो. आणि हे सगळं साडेतीन मिलिमीटरात, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्या लांबीत. तेवढ्याशा जागेत सुई दर फेरीला दोनदा पुरती थांबते आणि दोनदा मागे वळते. त्या वळणावर तिला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सत्तरपट झटका बसतो. सुई, तिची दांडी आणि तिला ढकलणारा स्लाइडर मिळून पाच ग्रॅम वजन हलत असेल, तर मोटरच्या दोन मिलिमीटर जाडीच्या शाफ्टला ते साडेतीनशे ग्रॅमचं ओझं होतं, तेही सेकंदाला दोनशे वेळा, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने.

हे गणित कागदावर मांडल्यापासून या मशीनबद्दलची माझी माया वाढली आहे. तळहातावर मावणारी वस्तू, आणि एवढं सोसते.

भोसरीच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि खिडकीपाशी असेंब्लीचं टेबल. दिवसा गाड्यांना लागणारे बुश आणि पिना निघतात. त्यांची ड्रॉइंगं कंपनीकडून येतात, टॉलरन्स लिहूनच येतात, आणि आपलं काम त्या मापाच्या आत राहण्याचं. संध्याकाळी लेथ थंडावला की टॅटू आर्टिस्टांसाठी रोटरी मशीन बनवायला बसतो. ऑर्डर येईल तशी, एकेक. तिथे ड्रॉइंग माझं असतं. काय जाड ठेवायचं, काय बारीक, कशावर काय घासू द्यायचं, हे सगळं मला ठरवावं लागतं आणि त्याचा जाबही मलाच द्यावा लागतो. या कामात एक गोष्ट पक्की कळली आहे. सगळंच टिकेल अशी मशीन होत नाही. एक भाग वाचवायचा तर दुसऱ्याला झिजावं लागतं, आणि तो दुसरा कोण, हे बनवणाऱ्याने आधी ठरवलं नाही तर मशीन स्वतः ठरवते. तिची निवड नेहमी महागात पडते.

आतली रचना सांगायला सोपी आहे. मोटरच्या शाफ्टवर एक चकती बसते, तिला कॅम म्हणायचं. कॅमच्या मध्यापासून थोडी बाजूला एक पिन. मोटर फिरली की पिन गोल फिरते आणि स्लाइडर तिच्या फिरण्यातलं फक्त वरखाली तेवढं घेतो. पिन मध्यापासून १.७५ मिलिमीटरवर असली की स्ट्रोक ३.५ चा. मऊ, धुरकट शेडिंग करणाऱ्याला अडीच ते तीनचा स्ट्रोक पुरतो. जाड रेषा एका ओढीत काढणाऱ्याला चार किंवा त्याच्याही पुढचा हवा असतो. पिनेचं भोक पाच शतांशाने सरकलं तर स्ट्रोक एक दशांशाने बदलतो, म्हणून ते मी डायल लावूनच मारतो, घाई असली तरी.

स्ट्रोक वाढवणं आर्टिस्टला सोपं वाटतं. ‘एक मिलिमीटर वाढवून द्या की,’ असा फोन येतो. पण वेग तोच ठेवून ३.५ चा ४.५ केला तर शाफ्टवरचा झटका तीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. वेगाचं तर विचारूच नका. वेग दीडपट केला की झटका सव्वादोनपट होतो. हा सगळा मार जातो मोटरच्या पुढच्या बेअरिंगमध्ये. मोटर घडवणाऱ्याने ती फिरण्यासाठी घडवलेली असते. बाजूने ठोसे खाणं तिच्या नशिबी आपण लावतो. स्वस्त मोटरीत त्या जागी तेल मुरवलेला ब्राँझचा बुश असतो. तो शांत चालतो, पण ठोशांनी भोक लंबगोल होत जातं आणि शाफ्ट डुगडुगू लागतो. बॉल बेअरिंग जास्त सोसतं, मात्र त्याची बारीक किरकिर होते, आणि शाईचा थेंब आत शिरला तर त्याचं आयुष्य तिथेच संपतं.

यावर उपाय आहे. कॅमच्या पुढे बॉडीतच आणखी एक बेअरिंग बसवायचं, म्हणजे शाफ्टला दोन्हीकडून आधार. ऐकायला उत्तम. पण मोटरीत आधीच दोन बेअरिंगं असतात. तिसरं त्यांच्या रेषेत तंतोतंत आलं नाही तर तिघंही एकमेकांना ओढतात, मोटर गरम होते, आणि आधारासाठी घातलेलं बेअरिंगच तिला मारतं. लेथवर एकाच पकडीत दोन्ही बोअर काढले तरच हे जमतं. जॉब एकदा सोडून पुन्हा पकडला की रेषा गेली. ज्यांच्याकडे तेवढा चांगला लेथ नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा साधी रचना ठेवावी आणि बदलायला सोपी मोटर निवडावी.

फिरत्या मोटरीची ही कल्पना तशी फार जुनी आहे, आणि ती कातडीसाठी जन्मलेलीही नव्हती. थॉमस एडिसनने १८७६ साली विजेच्या पेनचं पेटंट घेतलं. पेनाच्या डोक्यावर इवलीशी मोटर, आत वरखाली होणारी सुई. लिहीत गेलं की कागदाला बारीक भोकं पडत जायची आणि त्या कागदावरून शाई फिरवून प्रती काढता यायच्या. कारकुनांच्या टेबलावरचं अवजार होतं ते. पुढे न्यू यॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने त्याच धर्तीवर टॅटूसाठी मशीन केली आणि १८९१ च्या डिसेंबरात तिचं पेटंट मिळवलं. पण त्यानंतरचं जवळजवळ सगळं विसावं शतक मोटरीचं झालं नाही. ते कॉइल मशीनचं झालं, दोन विद्युतचुंबक आणि पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्यांचं. न्यू यॉर्कच्याच चार्ली वॅग्नरचं पेटंट १९०४ चं, पर्सी वॉटर्सचं १९२९ चं. आज कॉइल मशीन म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती साधारण वॉटर्सची आकृती.

कॉइल जिंकली ती का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या काळच्या लहान मोटरी जड आणि अशक्त होत्या, हे एक कारण. दुसरं मला अधिक पटतं. कॉइल मशीन उघडी असते. स्प्रिंग थकली की डोळ्यांना दिसते, कॉन्टॅक्ट स्क्रूचं टोक जळलं की काळं पडतं, आणि आवाज बदलला की आर्टिस्टला स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचं कळतं. स्प्रिंग तुटली तर पट्टी कापून दुसरी लावता येते. ती वारंवार बिघडायची, पण ज्याच्या हातात बिघडायची त्यालाच दुरुस्त करता यायची. एवढी मोठी सोय सोडून लोक मोटरीकडे परत आले, कारण लहान डीसी मोटरी खरोखर सुधारल्या. जर्मनीत हानोवरच्या मान्फ्रेड कोर्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोटरवर चालणारी मशीन नव्याने घडवली, आणि पुढच्या काही दशकांत रोटरी पुन्हा रुळली. ती हलकी, शांत, एकसुरी चालणारी. आणि बंद.

बंद असणं ही माझ्यासारख्याची खरी अडचण आहे. आत काय झिजतंय ते बाहेरून दिसत नाही. म्हणून मोटर निवडताना मी तिच्या ताकदीइतकाच तिच्या मरणाचाही विचार करतो. आत लोखंडी गाभा असलेली मोटर जड, चालताना किंचित अडखळणारी, पण दणकट असते. लोखंड उष्णता पिऊन घेतं. गाभ्याशिवायच्या मोटरीत तांब्याची गुंडाळीच आपल्या बळावर फिरते. स्वित्झर्लंडची मॅक्सन आणि जर्मनीची फाउलहाबर या कंपन्या त्यासाठी नावाजलेल्या. या मोटरी चटकन वेग घेतात, कुठे अडखळत नाहीत, पण जास्त व्होल्ट देऊन तापवल्या तर गुंडाळीला आधार द्यायला लोखंड नसतं. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीत मॅक्सनच्या मोटरी होत्या, ही गोष्ट मशीन विकणारे मोठ्या हौसेने सांगतात. ती खरी आहे. पण ती गाडी सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकायची आणि तिच्या मोटरींना कोणी बाजूने सेकंदाला दोनशे ठोसे मारत नव्हतं. चांगली मोटर चुकीच्या कामाला लावली की तीही मरते.

मग ब्रशचा, म्हणजे फिरत्या गुंडाळीला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांचा, प्रश्न. ब्रश असलेली मोटर झिजते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ब्रशलेस घाला असा आग्रह असतो. ब्रशलेस खरंच जास्त चालते. पण तिला चालवायला इलेक्ट्रॉनिक सर्किट लागतं आणि सर्किट पूर्वसूचना देत नाही. सकाळी चालू, दुपारी अर्ध्या टॅटूवर बंद. ब्रश मात्र आठवडे आधीपासून सांगत असतात. मशीन सुरू व्हायला थोडी ओढ घेते, त्याच वेगाला अर्धा व्होल्ट जास्त मागते, आवाज किंचित खरखरीत होतो. समोर माणूस वेदना सोसत पडलेला असताना मध्येच थांबणारी मशीन मला नको. म्हणून बहुतेक वेळा मी ब्रशची मोटरच घालतो आणि आर्टिस्टला तिचा आवाज ओळखायला शिकवतो. आयुष्य थोडं कमी असलं तरी सांगून जाणारं असावं.

परवा गोव्याहून, हणजूणच्या एका स्टुडिओतून, माझीच एक मशीन परत आली. बरोबर चिठ्ठी होती, ‘रेषा थरथरते.’ उघडली तर आत काळा लगदा होता, शाई, तेल आणि स्लाइडरच्या डेलरिन प्लॅस्टिकची भुकटी यांचा. टूथब्रशने आणि स्पिरिटने साफ करत गेलो. कॅम शाफ्टला धरून ठेवणारा ग्रब स्क्रू लालसर गंजलेला. समुद्राची हवा. तिथे स्टेनलेस स्क्रू घालता आला असता, पण दोन मिलिमीटरचा स्टेनलेस ग्रब स्क्रू मऊ असतो, जोर लावला की किल्लीचं भोक गोल होऊन बसतं. काळा पोलादी स्क्रू घट्ट चावतो, पण किनाऱ्यावर गंजतो. मी चावणारा घेतो. कॅम सैल होणं हे गंजापेक्षा वाईट.

मग स्लाइडर काढला. पांढरा डेलरिन राखाडी झालेला. एका कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं तर मध्ये पायरी लागली, डोळ्यांना न दिसणारी. मायक्रोमीटरवर आठ मिलिमीटरचा तुकडा ७.९२ भरला. आता पिन पाहिली. भिंगाखाली धरून सावकाश फिरवली. लखलखीत, एक ओरखडा नाही. स्लाइडर ज्यात सरकतो तो बॉडीतला बोअर मापात. मोटरीचा शाफ्ट बोटाने हलवून पाहिला, हलला नाही. एवढा सगळा मार त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने एकट्याने खाल्ला होता आणि पिन, बोअर, मोटर वाचवली होती. मला इतका आनंद झाला की शेजारच्या शेडमधल्या फिटरला बोलावून दाखवला. त्याने हातात घेतला, प्रकाशात धरला आणि म्हणाला, “झिजला की हो पार.” म्हटलं, तेच तर दाखवतोय.

पितळी स्लाइडर घातला असता तर तो इतका झिजला नसता. पण पितळेची घनता डेलरिनच्या सहापट. हलणारं वजन वाढलं असतं, तो भार मोटरीच्या बेअरिंगने उचलला असता, आणि चिठ्ठीबरोबर मला हजारोंची मोटर बदलावी लागली असती. शिवाय पितळेला तेल लागतं आणि तेल खाली ग्रिपकडे उतरतं. उघड्या कातडीच्या दिशेने तेल जाऊ देणं मला मान्य नाही, मग मशीन कितीही टिको.

टिकाऊपणाची भूल कुठवर नेते ते मी जत्रेत पाहिलं आहे. देवळाबाहेरच्या रांगेत बांगड्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या मध्ये गोंदणारा बसायचा. समोर नक्ष्यांचा फलक, बदाम, विंचू, ओम, मोर. पायापाशी गाडीची बॅटरी, हातात कॅसेट प्लेअरच्या मोटरीवर स्वतः बांधलेली मशीन. बांधणी हुशारीची होती, हे आज मलाही म्हणावं लागेल. मोटरला रबराचा पट्टा गुंडाळून तिचा थरथराट त्याने निम्म्यावर आणला होता. पण सुई एकच होती. एकाचं झालं की तीच पुसून दुसऱ्याच्या हातावर. दिवसभर. कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, हे सगळं एका सुईवरून दुसऱ्या रक्तात जाऊ शकतं. सुई टिकली हेच तिथलं दुर्दैव. मशीनमध्ये एक भाग असा असलाच पाहिजे ज्याचं आयुष्य एका माणसापुरतं असेल. तो वाचवण्यात कसलीही काटकसर नाही.

बर्लिनच्या शायन कंपनीमुळे रूढ झालेल्या कार्ट्रिज सुयांनी हे फार सोपं केलं. सुई आणि तिची नळी एकत्र, काम झालं की दोन्ही फेकायची. आत रबराचा पातळ पडदा असतो, त्यामुळे शाई आणि रक्त मागे मशीनमध्ये येत नाही. पण त्या पडद्याचीही किंमत मोजावी लागते. सुई पुढे जाताना प्रत्येक फेरीला त्याला ताणावं लागतं, आणि अशक्त मोटर तिथे धापा टाकते. कार्ट्रिज वापरणार असाल तर मोटर एक पायरी वरची लागते. हे मी आर्टिस्टला पहिल्याच भेटीत सांगतो, कारण इथे पैसे वाचवू नयेत. ग्रिपचंही तसंच. स्टीलची ग्रिप ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफवता येते, मोटर येत नाही, तिच्यातलं चुंबक, डिंक, तारा ते सोसत नाहीत. म्हणून ग्रिप बॉडीपासून सुटी व्हायलाच हवी. जिथे सुटी होते तिथे आटे. ॲल्युमिनियममधले आटे रोजच्या उघडबंदीने झिजतात, म्हणून तिथे मी स्टीलच्या तारेचं हेलिकॉइल बसवतो. वेळखाऊ काम आहे, आणि बाहेरून कोणाला दिसतही नाही.

सगळ्यात जास्त मोडतं ते मात्र यातलं काहीच नाही. वायरीचा सॉकेट आणि त्याच्या मानेपाशी रोज वाकणारी वायर.

कोथरूडहून एक आर्टिस्ट मुलगी आली होती. आल्याआल्या म्हणाली, “दादा, जमेल तेवढी हलकी करून द्या. आणि पाच वर्षं उघडायला लागू नये.”

विचारलं, “रोज सुई किती तास चालते?”

“तीन. कधी चार.”

“आणि संध्याकाळी दुखतं काय, मनगट की बोटं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर चोळत म्हणाली, “दुखत नाही. मुंग्या येतात. घरी गेल्यावर भाजी चिरताना सुरी नीट धरता येत नाही.”

मनगट दुखत असतं तर वजनाचा दोष होता. मुंग्या म्हणजे थरथर. तिची जुनी मशीन हलकीच होती, आणि हलकी होती म्हणूनच सगळी कंपनं थेट बोटांत उतरत होती. पन्नास ग्रॅमची ॲल्युमिनियमची बॉडी पितळेत केली तर दीडशेच्या पुढे जाते. तेवढं जड मला करायचं नव्हतं, पण कंपन पिऊन घेणारं वजन हवंच होतं. आमच्या धंद्यात एक गल्लत फार चालते. वजन कमी करायचं म्हणजे बॉडीला खिडक्या पाडायच्या, भिंती पातळ करायच्या. दिसायला सुंदर दिसतं. खरं वजन काढायचं ते हलणाऱ्या भागातून. तिथला एक ग्रॅम गेला की वळणावरचा सत्तर ग्रॅमचा झटका जातो, आणि तो बोटांपर्यंत पोहोचतच नाही. तिच्या मशीनमध्ये स्लाइडर आतून पोकळ केला, पिन आखूड केली, कॅमच्या दुसऱ्या बाजूला तोल साधणारा तुकडा ठेवला. बॉडी ॲल्युमिनियमचीच, पण भिंती जाड, आणि ग्रिप स्टीलची. ती घ्यायला आली, हातात धरली आणि तिचा चेहरा पडला. जुनीपेक्षा जड होती. मी सरावाच्या सिलिकॉन कातडीचा तुकडा पुढे केला आणि एक लांब रेषा ओढायला सांगितली. रेषा ओढून झाल्यावर तिने मशीन बंद केली नाही. तशीच चालू धरून बोटांकडे बघत राहिली. मग दुसरी रेषा ओढली, तिसरी ओढली.

पाच वर्षांचं वचन मी तिला दिलं नाही. कोणालाच देत नाही. ‘लाइफटाइम’ असा शिक्का मारलेल्या मशीन बाजारात आहेत. शंभर फेऱ्या सेकंदाला करणाऱ्या वस्तूवर तो शब्द लिहिणाऱ्याने आतला स्लाइडर कधी मोजून पाहिला नसावा असं मला वाटतं. पोकळ स्लाइडर भरीव स्लाइडरपेक्षा लवकर झिजणार, हे तिला स्पष्ट सांगितलं, आणि डबीत दोन सुटे घातले. बदलायला दोन स्क्रू आणि एक किल्ली लागते. तिच्यासमोर एकदा करून दाखवलं, मग तिच्याकडून करून घेतलं.

आणखी एक रीत मी अलीकडे सुरू केली आहे. प्रत्येक मशीनबरोबर स्लाइडरचं ड्रॉइंग देतो. धंद्यातल्या काहींना हे आवडत नाही, त्यांच्या मते ड्रॉइंग दिलं की गिऱ्हाईक गेलं. पण मी उद्या लेथवर उभा नसलो तर हणजूणच्या त्या स्टुडिओने काय करायचं? म्हापशात टर्नर आहेत, कोल्हापुरात आहेत, नाशकात आहेत. कोणालाही तो कागद दाखवला की तुकडा निघायला हवा. व्यास, लांबी, भोकाचं माप, बोअरमध्ये किती क्लिअरन्स ठेवायचा, सगळं मराठीत आणि आकड्यांत लिहिलेलं. खाली ठळक अक्षरांत एक सूचना: डेलरिन मिळालं नाही तर थांबा, मागवून घ्या, नायलॉन घालू नका. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, आणि कोकणात पावसाळा लागला की ते बोअरमध्ये अडकेल.